अकरा तारखेचा पाऊस

निरीक्षकबाईंनी पर्जन्यमापकातली बाटली बाहेर काढली, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतलं आणि डोळा रेषेसमोर येईल इतकी मान वाकवली. तीन पूर्णांक चार मिलिमीटर. पाऊस काल दुपारी चारला पडून गेला होता, पण वहीत त्यांनी तो आजच्या तारखेखाली लिहिला. वेधशाळेचा तसा नियमच होता. रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि ज्या दिवशी मोजलं त्या दिवसाच्या नावावर टाकायचं. एकतीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता.

वही मिटतात न मिटतात तोच फाटकाशी गाडी थांबली. प्रवासी माहिती खात्याचे साहेब स्वतः आले होते. नऊ वर्षांत त्यांचं पोट आणि हुद्दा दोन्ही वाढली होती. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पंखाही लावला. राग आला की त्या जास्तच रीतीने वागत.

साहेबांची कामं दोन होती. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी नवी पुस्तिका निघणार होती, तिच्यातलं वर्षभराच्या हवामानाचं पान बाईंनी लिहिलं होतं. ते त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. जानेवारी-फेब्रुवारीत उकाडा असतो पण अंगावर येत नाही, जून ते सप्टेंबर छत्रीचा काही उपयोग नाही, ऑक्टोबरात कपडे वाळतात पण माणूस ओलाच राहतो, असं सगळं वाचून ते हसले. एप्रिलपाशी मात्र त्यांनी लाल पेन काढलं. बाईंनी लिहिलं होतं, ‘सकाळी आकाश स्वच्छ, दुपारी त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चारच्या सुमारास अचानक वारा सुटतो. बोटी तीनच्या आत किनाऱ्याला लावाव्यात.’ साहेबांनी पहिले तीन शब्द ठेवले आणि बाकी सगळ्यावर रेघ मारली. प्रवासी घाबरतात, असं त्यांचं म्हणणं.

दुसरं काम धक्क्याचं. खाडीवर नवा धक्का बांधून झाला होता आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारला उद्घाटन करायचं होतं. त्यासाठी कोरडा दिवस हवा होता. अंदाज नको, आकडे दाखवा, असं ते म्हणाले. बाईंनी एप्रिलच्या एकतीस वर्षांच्या नोंदींची मोठी वही त्यांच्यापुढे ठेवली. वर्षं खाली खाली, तारखा आडव्या. साहेबांचं बोट एकेका रकान्यावरून उतरत गेलं आणि अकरावर थांबलं.

"ही बघा. एकतीस वर्षांत चारदाच पाऊस. बारा तारीख मात्र वाईट दिसते. सतरा वेळा." त्यांचं बोट पुन्हा मागच्या रकान्यावर आलं. "अकरा ठरली."

जाताजाता ते बोट नऊ वर्षांपूर्वीच्या चौकटीवरूनही सरकलं. तिथे बाईंच्याच अक्षरात शून्य होतं. साहेब तिथे क्षणभरही अडखळले नाहीत. त्यांना आठवतच नव्हतं.

बाईंना सगळं आठवत होतं. नऊ वर्षांपूर्वी अकरा एप्रिलला सकाळी त्यांनी साहेबांच्या कचेरीत फोन करून कळवलं होतं की दुपारी वादळी वारा येतोय, धक्क्यावर धोक्याची पाटी लावा. पाटी लागली नाही, कारण सुट्ट्यांचे दिवस होते, प्रवासी घाबरले असते. बाईंचा नावाडी नवरा पहाटेच बोट घेऊन गेला होता, आणि चार वाजता तो तेरा प्रवाशांना घेऊन खाडीच्या मधोमध होता. प्रवासी वाचले. त्याने त्यांना एकेक करून उलटलेल्या बोटीवर चढवलं आणि स्वतःला मात्र पुन्हा वर येता आलं नाही. चौकशीत साहेबांनी हीच वही मांडली. अकरा तारखेला पाऊस शून्य, मग वादळ कुठलं? वाऱ्याचं यंत्र त्या वेळी दुरुस्तीला गेलेलं. वादळ पाहिलेले तेरा प्रवासी दोन दिवसांत आपापल्या देशी निघून गेले. त्या दिवशीचा पाऊस बारा तारखेखाली असतो, हे बाई सांगायला उठल्या तेव्हा साहेबांनी त्यांना मध्येच तोडलं होतं. "बाई, तारीख म्हणजे तारीख." कागदावर शेवटी ‘नावाड्याची बेपर्वाई’ असं आलं आणि तेच कायम राहिलं.

आताही बाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"अकरा चांगली आहे," त्या म्हणाल्या.

साहेब खूश होऊन गेले. बाईंचा तो दिवस फार छान गेला. कित्येक वर्षांत इतका छान गेला नव्हता. हार, मंडप, मोठमोठे पाहुणे, आणि बरोबर चारला सगळं साहेबांच्या डोक्यावर. आपल्याला काही करायचंच नाही, नुसतं गप्प बसायचं, हे त्यांना पुन्हापुन्हा आठवे आणि हसू येई. खोटं तर त्या अक्षरानेही बोलल्या नव्हत्या. वही खरी होती आणि बोट साहेबांचं होतं.

संध्याकाळी धाकटा दीर आला. बाई भाजी चिरत होत्या. भावाच्या नावावर तो ठपका आल्यापासून त्यालाही कुणी बोट चालवायला देत नव्हतं. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या बोटी रंगवत होता. आज त्याचा चेहरा उजळला होता.

"वहिनी, उद्घाटनाची पहिली बोट मी नेणार. साहेबांची माणसं आत्ताच सांगून गेली. चाळीस शाळकरी पोरं, खाडीच्या मधोमध जाऊन गाणं म्हणायचंय त्यांना." तो थोडा थांबला. "आणि दिवस बघा ना. दादाचाच दिवस."

बाईंचा हात विळीवर थांबला.

"हवा कशी असेल?" त्याने विचारलं. गेली कित्येक वर्षं तो हे रोज विचारायचा.

"साहेबांनी वही बघितलीय."

"त्यांचं सोडा. तुम्ही बघितलीत का?"

बाईंनी चिरलेली भाजी उगाचच पुन्हा चिरली. त्यांना साहेबांचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. एवढा हातातोंडाशी आलेला सूड, आणि तोही नेमका चाळीस पोरांना घेऊन बसलेला. दिराला एकट्याला घरी बसवता आलं असतं. पण मग बोट दुसऱ्या कुणीतरी नेली असती.

दुसऱ्या दिवशी साडेआठचं मोजमाप झाल्यावर त्या मोठी वही पिशवीत घालून साहेबांच्या कचेरीत गेल्या. टेबलावर आमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. बाईंनी वही उघडली आणि साडेआठचा नियम शाळेतल्यासारखा समजावून सांगितला. बारा तारखेखाली दिसतो तो पाऊस अकराच्या दुपारी पडलेला असतो. सतरा वेळा. साहेबांनी तो दोनदा सांगायला लावला. दुसऱ्यांदा त्यांचा चेहरा उतरला.

"मग काल का नाही बोललात?"

"नऊ वर्षांपूर्वी बोलले होते."

साहेबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांना आता घाई झाली होती. तारीख बदलायला हवी, सकाळची वेळ घ्यायला हवी, पण पत्रिका छापून झालेल्या, समिती कारण विचारणार. बाईंनी वेधशाळेतर्फे चार ओळी लिहून द्याव्यात म्हणजे काम भागेल, असं त्यांनी सुचवलं.

बाईंनी पिशवीतून एक घडीचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्याच चार ओळी होत्या, नऊ वर्षांपूर्वीच्या, चौकशीसाठी लिहिलेल्या. वर साहेबांच्याच कचेरीचा शिक्का होता, ‘ग्राह्य नाही’.

"माझं लिहिलेलं चालत नाही, साहेब. तुमचं चालेल."

साहेबांनी कचेरीच्या नावाचा कागद ओढला आणि लिहायला लागले. वेधशाळेच्या पद्धतीनुसार कोणत्याही दिवशी दुपारी झालेल्या पावसाची नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली होते. पहिलं वाक्य झरझर झालं. सबब अकरा तारखेपुढे शून्य असले तरी त्या दिवशी दुपारी... इथे त्यांचं पेन थांबलं.

बाईंनी वही वळवून त्यांच्याकडे केली आणि नऊ वर्षांपूर्वीच्या ओळीवर पट्टी ठेवली. अकरा, शून्य. बारा, चौसष्ट पूर्णांक दोन. साहेबांचं बोट शून्यावरून चौसष्टवर गेलं आणि तिथे अडखळलं. या वेळी त्यांना आठवलं, हे बाईंना स्पष्ट दिसलं, आणि ते पाहायला त्या नऊ वर्षं थांबल्या होत्या.

"बाई, कारणात एवढं सगळं लिहायलाच हवं का?" त्यांचा आवाज खाली आला होता.

"नका लिहू. पत्रिका छापून झाल्यातच."

वरचा पंखा फिरत होता. साहेबांनी पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग कपाळ पुसलं. वाक्य पुरं केलं, खाली सही केली, शिक्का मारला. बाईंनी एक प्रत मागितली. चौकशीच्या फायलीला लावायची आहे, असंही सांगितलं. साहेबांनी मान वर न करता ती काढून दिली.

बाईंनी ती उभ्याने, अक्षर न् अक्षर वाचली आणि परत टेबलावर ठेवली.

"सहीखाली तारीख राहिली, साहेब," त्या म्हणाल्या. "तारीख म्हणजे तारीख."