दगडाच्या कानात सांगितलेलं नाव

मित्रांनो, मिक्सर असलेल्या घरात वरवंट्याला काय किंमत असते, ते मला विचारा. मी जुना वरवंटा. पेणमध्ये, बाजारापासून जरा आत, एका घरात स्वयंपाकाच्या ओट्याखाली राहतो. रंगाने काळा, अंगाने गुळगुळीत, मधे थोडा पातळ झालेला. इतकी वर्षं वाटण वाटून कोण झिजणार नाही?

मला घडवणारा पाथरवट आता आठवत नाही, त्याच्या छिन्नीचे घाव तेवढे आठवतात. पाट्यासकट मी या घरात आलो तेव्हा अनसूयाबाई नव्या नवरी होत्या. ओलं खोबरं, लसूण, मिरच्या, काय काय म्हणून मी वाटलं! उन्हाळ्यात पोह्याच्या पापडांचं पीठ कुटायलाही मलाच उचलायचे. जेवायला आलेली माणसं बोटं चाटत म्हणायची, अनसूयाबाईंच्या हाताला चव आहे. हाताला म्हणे! आणि त्या हातात कोण होतं? पण तेव्हा मला राग यायचा नाही. कामात असलेल्याला राग यायला वेळ कुठे असतो?

मग मिक्सर आला. पाटा मागच्या दारी धुण्याचा दगड झाला. मी मात्र घरात राहिलो, कारण माझं एक काम मिक्सरला जमण्यासारखं नव्हतं. ते म्हणजे बारशाचं. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला न्हाऊ घालतात, तेल लावतात, बाळाची कुंची चढवतात. पाळण्याच्या एका बाजूची बाई त्याला दुसऱ्या बाजूच्या बाईच्या हातात देते, कधी वरून, कधी खालून, देवाची नावं घेत. कुणी सांगतं, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. कुणी सांगतं, बाळावर यायचं ते आधी दगडावर यावं म्हणून. मी दोन्ही कामं मनापासून केली. या आळीतली कितीतरी बाळं माझ्या मागून पाळण्यात निजली. आता ती स्कूटर उडवत फिरतात आणि मला ओळखतसुद्धा नाहीत. असो.

अनसूयाबाईंचा मुलगा यज्ञेश कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याची बायको मृणाली. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा यज्ञेशला नावाचं वेडच लागलं. आजकाल आर्या, अन्वी, कियारा एका वर्गात चार-चार सापडतात, आपल्याला तसलं नको, असं तो सारखा म्हणायचा. जेवताना वेदातल्या बायका, झोपताना पुराणातल्या. लोपामुद्रा काय, उलूपी काय, जरत्कारू काय! अनसूयाबाई शेवटी वैतागल्या. म्हणाल्या, "माझं नाव पुराणातलंच आहे रे. पण जन्मभर सगळ्यांनी अनूच केलं. तुम्ही नाव केवढंही ठेवा, हाक सोनूच मारणार." सगळे हसले. मीसुद्धा हसलो असतो.

मुलगी झाली आणि नाव ठरलं, नागनिका. नाणेघाटातल्या लेण्यात जिचा लेख आहे ती सातवाहनांची राणी. यज्ञेश ते नाव फार हळू उच्चारायचा, तोंडात खडीसाखर धरल्यासारखं. मृणाली ऐकत राहायची. तिलाही ते आवडलं होतं.

आता पुढचं सांगताना माझा आवाज उतरला तर सांभाळून घ्या.

बारशाच्या आदल्या दिवशी यज्ञेशची बहीण किमया रोह्याहून आली. नाव आत्याने ठेवायचं असतं ना. ती हौशी, बोलकी, हातात सदा मोबाइल. उद्या गर्दीत व्हिडिओ नीट येणार नाही, आजच एकदा करून बघू या, असं तिनेच काढलं. बाळ आत झोपलं होतं. मग पाळण्यात मला निजवलं, बाळाची कुंची घातली, यज्ञेशने मोबाइल धरला आणि किमयाने माझ्या अंगावर वाकून कुर्र केलं. मग हसत हसत म्हणाली, "नागनिका."

मित्रांनो, इतक्या बारशांत देवाची नावं माझ्या कानावरून गेली होती. बाळाचं नाव माझ्या कानात कुणी सांगितलं नव्हतं. आत खोलीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी सगुणा होती. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातली ही बाई, मनात येईल ते ओठावर. ती दारात येऊन थबकली. "दगडाला नाव दिलंव काय गो?" एवढंच ती म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

त्या दुपारी बाळ दूध ओढेना. संध्याकाळी अंग तापलं. सगळे तिला घेऊन घाईघाईने पनवेलला गेले. मागे घर उघडंबोडकं, पाळण्यात मी आणि माझ्या अंगावर तिची कुंची. खिडकीतून वारा यायचा आणि पाळणा थोडा थोडा हलायचा. मी आयुष्यात इतका एकटा कधी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ते परत आले, बाळाशिवाय. मृणालीला दोघींनी धरून आत आणलं. तिची नजर पाळण्याकडे गेली. पाळण्यात तिला कुंची दिसली. हात सोडवून घेऊन ती धावली, मला उचललं, छातीशी घट्ट धरलं. मी गार होतो. मित्रांनो, दगडाला गार असण्याची लाज वाटते असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? मला त्या दिवशी वाटली.

अनसूयाबाईंना माझी भीती वाटू लागली. बाळावरचं घ्यायचं सोडून याने बाळच घेतलं, असं त्या बोलल्या. धरमतरच्या खाडीत नेऊन टाक याला, असं त्यांनी यज्ञेशला सांगितलं. पण मृणाली आडवी आली. कारण काही सांगेना, फक्त नाही म्हणाली. शेवटी मला गोणपाटात गुंडाळून ओट्याखाली ढकललं. पाळण्याच्या दोऱ्या काढून ठेवल्या. आढ्याच्या कड्या तशाच राहिल्या. त्यांच्याकडे बघायचं नाही असं घरात न बोलता ठरलं.

आणि मग त्या दुपारी सुरू झाल्या. यज्ञेश कॉलेजात, अनसूयाबाई आडव्या झालेल्या. मृणाली ओट्यासमोर फरशीवर बसायची, गोणपाट बाजूला करायची, मला मांडीवर घ्यायची आणि हळूच हाक मारायची, "नागनिका." सगुणाचं बोलणं तिच्या मनात रुतून बसलं होतं. नाव दगडापाशी राहिलं, पोरीपर्यंत पोचलंच नाही. ती माझ्यापाशी यायची ती त्या नावासाठी. जगात दुसरीकडे ते कुठेच नव्हतं.

हाकेला ओ देता येत नाही याचं मला तोवर कधी वाईट वाटलं नव्हतं. तिच्या मांडीच्या उबेने मी ऊन व्हायचो, आणि मग मलाच भीती वाटायची. रिकाम्या घरात कुणीतरी लहान श्वास घेतंय असा भास व्हायचा. ते माझ्या आत होतं की बाहेर, देव जाणे. मी त्या नावाला हात न लावता ते सांभाळत होतो, एवढं मात्र खरं.

दोन पावसाळे गेले. मृणालीला पुन्हा मुलगी झाली. घर दबकत दबकत हसू लागलं. घरच्यांच्या ग्रुपवर नावांचा पाऊस पडला. अपाला, घोषा, मेनका. रोह्याच्या एका काकांनी तर क्लिओपात्रा पाठवलं. यज्ञेशने एकालाही उत्तर दिलं नाही. बारसं जवळ आलं तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, नाव नागनिकाच ठेवायचं.

अनसूयाबाई घाबरल्या. गेलेल्या पोरीचं नाव जिवंत पोरीला नको, म्हणाल्या. तेव्हा यज्ञेश बोलला, "तिचं कुठे होतं ते, आई? तिचं बारसंच झालं नाही. नाव कुणालाच लागलेलं नाही."

तो वाईट माणूस नाही हो. त्याला ते नाव पुन्हा घरात वाजायला हवं होतं, त्याचं दुःख असंच बोलत होतं. पण मृणाली दूध तापवत उभी होती, ते उतू जाऊन शेगडी विझली तरी तिला कळलं नाही. मला कळलं. थोरल्या लेकीचं या जगात एवढंच उरलं होतं, आणि तेही आता धाकटीच्या अंगावर चढवणार होते. मग दुपारी मृणालीने कुणाला हाक मारायची?

बारशाचा दिवस उजाडला. भिंतीवर नागनिका नावाची सोनेरी अक्षरं लावून वरून कागद चिकटवला होता. घुगऱ्यांचा वास, नव्या साड्या, बायकांची दाटी. मला बाहेर काढायला अनसूयाबाई तयार नव्हत्या. मृणालीने स्वतः काढलं, न्हाऊ घातलं, तेल लावलं, कुंची घातली आणि पाळण्यात निजवलं. किमया बाळाला घ्यायला वळली. त्या दिवसापासून ती बिचारी माझ्याकडे बघतच नव्हती.

"किमयाताई, थांबा," मृणाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण बायका वळून बघू लागल्या. "त्या दिवशी तुम्ही याच्या कानात नाव सांगितलं होतं. ते काम अर्धं राहिलंय. आधी ते पुरं करा."

यज्ञेश पुढे आला. ती त्याच्याकडे वळली. "नागनिका थोरलीचं नाव आहे. पोटात असल्यापासून मी तिला त्याच नावाने हाक मारत होते. बारसं व्हायचं राहिलं म्हणून ती बिननावाची होत नाही. एकीचं झबलं दुसरीला घालता येतं, नाव नाही घालता येत."

कुणीतरी पुटपुटलं की असं करत नाहीत. अनसूयाबाईंनी हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला. मग सगुणा पाळण्याच्या पलीकडे जाऊन खाली बसली आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या गो हिकडं. पोर कवाची वाट बघतेय."

किमया रडत वाकली. कुर्र केलं आणि माझ्या कानात पुन्हा ते नाव सांगितलं. मग मी पाळण्याखालून सगुणाच्या हातात गेलो, सगुणाकडून वरून पुन्हा किमयाकडे. या वेळी बायका देवांची नावं घेत नव्हत्या. एकेक जण नागनिका म्हणत होती, काही चाचरत, काही स्पष्ट. शेवटी अनसूयाबाईंनी मला हातात घेतलं. मला खाडीत टाकायला निघालेली बाई ती! तिने माझ्या कुंचीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नागनिका, बाळा." यज्ञेशने भिंतीवरचा कागद फाडला. अक्षरं तशीच राहू दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मग मला बाजूला ठेवून बाळाला पाळण्यात निजवलं. तिच्यासाठी भिंतीवर अक्षरं नव्हती. नाव मृणालीने ठरवूनच ठेवलं होतं, विदुला. महाभारतातली, हरून घरी आलेल्या मुलाला ऊठ म्हणणारी आई.

त्यानंतर मृणाली दुपारची माझ्याकडे आली नाही. खरं सांगतो, पहिले काही दिवस मी वाट पाहिली. तो लहान श्वासही आता ऐकू येत नाही. ओट्याखाली मी पुन्हा नुसता दगड आहे आणि कधी कधी ती शांतता मला सोसत नाही.

परवा शेजारी नवीन राहायला आलेल्या बाई ओळख काढायला आल्या. कुठल्या तुम्ही, काय करता, असं विचारता विचारता त्यांनी यज्ञेशला विचारलं, मुलं किती? मृणाली भांडी घासत होती. तिचा हात थांबला. नळाचं पाणी तेवढं वाहत राहिलं.

"दोन मुली," यज्ञेश म्हणाला. "थोरली नागनिका. ती बारशाआधीच गेली. धाकटी विदुला."

मृणालीने नळ बंद केला आणि ती तशीच ओल्या हातांनी बाहेर जाऊन त्याच्याशेजारी बसली.

मित्रांनो, तुमच्या घरात बाळ येईल तेव्हा वेदांतलं, पुराणांतलं, लेण्यांतलं, हवं ते नाव शोधा. दुर्मिळ शोधा, सुंदर शोधा. मात्र एक विनवणी आहे. ज्याला ते दिलंत, त्याला त्या नावानं हाक मारत राहा. ते माणूस राहिलं नाही तरी हाक मारा. तुम्ही गप्प बसलात, तर त्या नावाला दगडाच्या आसऱ्याला यावं लागतं, आणि दगडाला ओ देता येत नाही.