सरकारच्या आड

सस्कॅचवान प्रांतातल्या सपाट माळावर वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. म्हणून आमच्याकडे घराच्या उत्तरेला झाडांची दाट रांग लावतात आणि जुनी माणसं त्या रांगेला ‘सरकार’ म्हणतात. रोपं सरकारी रोपवाटिकेतून फुकट यायची, त्यावरून पडलेलं नाव. अंगणात कुणी कुडकुडत उभं राहिलं की हाक येते, “अगं, तिथं काय मरतेस? सरकारच्या आड ये.”

त्या रोपवाटिकेत मी नोकरीला होते. रोपं फुकट असली तरी मागेल त्याला मिळत नसत. आधी एक उन्हाळाभर जमिनीची पट्टी नांगरून उघडी ठेवायची, तणाचं पानही दिसू द्यायचं नाही. शरद ऋतूत मी जाऊन ती बघायची आणि ‘पास’ म्हटलं की वसंतात रोपं. कोवळ्या रोपाचं पाणी तण पिऊन टाकतं, म्हणून हा नियम. लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे, पण नियम पाळायचे.

मेट्रो हावरिशना सगळा गाव गिडो म्हणतो, म्हणजे आजोबा. त्यांची रांग त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, नास्त्यानं, बादलीनं पाणी घालून जगवलेली. नास्त्या गेली आणि पाठोपाठ मधली झाडं वाळली. त्या भगदाडातून वारा थेट तिच्या बीटच्या वाफ्यांवर यायचा.

“सरकार शेंड्याकडून वाळतं, पाहिलंस ना इन्स्पेक्टरीणबाई?” गिडो म्हणाले.

“तुमची जीभ तेवढी वाळत नाही,” मी म्हटलं.

“ती कशाला वाळेल? नास्त्यापुढे हजर व्हायचंय अजून. पहिला प्रश्न रांगेचाच विचारील ती. एवढं भगदाड बुजवतो, मग खुशाल न्या मला.”

त्या वयात, गुडघे दुखत असताना, त्यांनी भगदाडातली पट्टी नांगरून घेतली आणि उन्हाळाभर खुरपणी केली. मी पट्टी बघायला गेले तेव्हा काळी माती चाळून ठेवल्यासारखी स्वच्छ होती. मी ‘पास’ म्हटलं तर त्यांनी टोपी काढली आणि आग्रह करकरून बटाटा भरून उकडलेली पिरोगी खायला घातली, वर आंबट साय.

हिवाळ्यात राजधानीतून एक साहेब आले. चांगला गोड माणूस. रोपवाटिकेचा हेतू साध्य झाला आहे, ती बंद होईल, आता झाडं खाजगी दुकानांतून मिळतील, असं त्यांनी आम्हाला सांगितलं आणि टाळ्या वाजवल्या, आमच्या सेवेसाठी. शहरातल्या दुकानात कुंडीतली शोभेची झाडं मिळतात. आमच्याकडच्या पहिल्याच हिवाळ्यात ती मरतात. हे मी बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, तुमची भावना समजते. भावना कसली डोंबलाची?

शरदात उपटलेली रोपं शीतगृहात जुड्या बांधून ठेवलेली होती. त्यांत गिडोंचीही होती. वसंताच्या तोंडावर वीज तोडल्यावर त्यांना अंधारातच पालवी फुटली आणि ती कुजली. मी आणायला गेले तेव्हा कुलूप बदललेलं होतं, दाराखालून वास येत होता. मी गाडीत बसून रडले. नोकरीसाठी नव्हे.

गिडोंना सांगायला मीच गेले.

“पण मी पास झालो होतो ना?” ते म्हणाले.

“झाला होता, गिडो.”

“मग येतील. उशीर होतो सरकारला. पहिल्यापासूनचं आहे ते.”

मे महिन्यात वारा सुटला आणि त्या उघड्या पट्टीवरून काळी माती उठायला लागली. शेजारच्या गवताळ बांधावरून कणही हलत नव्हता. उडत होती ती फक्त खुरपून स्वच्छ ठेवलेली, मी पास केलेली जमीन. नास्त्याचे वाफे तिच्याखाली गेले.

“तण वाढू द्या, गिडो,” मी म्हटलं. “निदान माती तरी धरून ठेवील.”

“तण? आणि रोपं आली म्हणजे? तूच परत पाठवशील.”

“मी आता कुणी नाही.”

“असं कसं? पट्टी कोण बघतं मग?”

जूनमध्ये मी गेले तेव्हा ते खुरप्याच्या लांब दांड्याला टेकून वाटच बघत होते. डोळ्यांना आता कमी दिसत होतं. “चल, बघून घे. ओळखीचा आहे म्हणून सोडू नकोस.”

मी मान खाली घालून पट्टीच्या टोकापर्यंत गेले. वरची काळी माती गेली होती, खालची पांढुरकी उघडी पडली होती. कडेच्या खांबापाशी एक काटेरी तण उगवलेलं होतं आणि त्याच्या मुळाशी मूठभर काळी माती टिकून होती. इतक्या वर्षांची सवय, मी वाकले, हातही घातला. मग हात काढून घेतला.

“काय सापडलं?” त्यांनी लांबून विचारलं.

“काही नाही. पास.”

त्यांनी टोपी काढली. “मग चहा घेऊनच जा. बस इथं, सरकारच्या आड.”

उरलेल्या चार झाडांमागे आम्ही भगदाडाकडे पाठ करून बसलो. ते रोपं कुठून लावायला सुरुवात करायची ते सांगत होते. वाऱ्यानं चहात माती येत होती. ती त्यांच्याच पट्टीची होती. मी कप खाली न ठेवता पिऊन टाकला.