नलूबाईचं पक्कं घर

साहेब, नलूबाईला तुम्ही बेघर केलं. दोनदा केलं. एकदा कागदावर घर देऊन, अन् एकदा तेच घर काढून घेऊन. दोन्ही कागदांवर सही तुमचीच.

तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून सांगतो. आर्णी रोडच्या फाट्यावर एस.टी.चा जुना निवारा आहे. तीन भिंती, वर स्लॅब. समोर माझं पंक्चरचं दुकान, बाजूला भावसिंगची चहाची गाडी. रस्ता वळवल्यापासून तिथं एस.टी. थांबत नाही, कुत्री थांबायची. दोन वर्षांपूर्वी नलूबाई अन् तिचा नवरा नागोराव येऊन थांबले.

नागोराव एकाच मालकाकडं तीस वर्षं सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी. राहायला वावरातली झोपडी. कापसाचा भाव बसला तसं मालकानं सालदार ठेवणं बंद केलं, अन् झोपडीत मोटारपंपाचे पाइप ठेवले. बरोबर आहे. पाइप उन्हात खराब होतात.

त्या साली जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या हालांची पाहणी करणाऱ्या गाड्या काय कमी फिरल्या? एक पांढरी गाडी निवाऱ्यापुढंही थांबली. आतल्या माणसानं काच अर्धी खाली करून विचारलं, "शेतकरी का?"

"सालदार होतो जी," नागोराव म्हणाला.

काच वर गेली. सातबारा नसलेल्याचं दुःख लिहायला त्यांच्या कागदात जागा नव्हती.

मग बेघरांची यादी निघाली. यादीत नाव लागलं तर घरकुल मिळणार. फाट्यावर पाहणीला शाळेतले गुरुजी येणार होते, नेमके बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. अन् इथं चूक झाली. ती नलूबाईची, मी लपवत नाही.

पौर्णिमेला तिनं निवारा झाडला. फरशी केव्हाच उखडली होती, ती माती शेणानं सारवली. भिंतींना चुना दिला. बाबासाहेबांचा फोटो पुसून लावला, पंचशील झेंडा लावला, खीर केली. भावसिंग आपल्या गाडीवरून ओरडला, "नलूबाई, उद्या गुरुजी येनार हाय ना वं! जरासं मळकं राहू दे!"

"पौर्णिमा काय रोज येते भाऊ? अन् पाव्हन्याले काय उकिरड्यावर बसवू?"

गुरुजी आले. तिनं सतरंजी टाकली, आदल्या दिवशीची खीर गरम करून दिली. खीर संपवून त्यांनी कागद काढला. छत? स्लॅब. भिंती? विटांच्या, चुना दिलेला. चूल? आहे. परिसर? स्वच्छ.

"ताई, दार दिसत नाही."

"दार कायले पायजे गुरुजी? चोर आला त आमालेच उचलून नेईन."

गुरुजी हसले. जाताना ती म्हणाली, "चांगलं लिवजा बरं."

"चांगलंच लिहिलं, ताई."

खरंच चांगलं लिहिलं होतं. 'पक्के घर' लिहिलं होतं. माणूस वाईट नव्हता, साहेब. वाईट असता तर कदाचित ती वाचली असती.

यादी लागली, नाव नाही. महिन्याभरात तुमची नोटीस आली. नोटीस चिकटवायला भिंत साफ लागते, ती तिनं करूनच ठेवली होती. मी वाचून दाखवली: सार्वजनिक निवाऱ्यावरील अतिक्रमण सात दिवसांत हटवून आपल्या राहत्या घरी जावे.

नागोराव म्हातारा चुन्याच्या डबीवर बोट आपटत म्हणाला, "नलू, आपल्याले राहतं घर हाय? मले सांगतलं नाई कधी!"

मी तिला तुमच्या कचेरीत घेऊन गेलो. तुम्ही दौऱ्यावर. बाबूनं रजिस्टर काढलं.

"बाई, तुमच्या नावावर पक्कं घर आहे. घरकुल कसं देणार?"

"मंग ते पाडू नोका."

"ते घर नाही. तो निवारा आहे."

"मंग घर द्या."

"घर आहे तुमचं! इथं लिहिलंय."

"बापा, थ्या घराचा पत्ता त सांग. आमी आत्ताच जातो."

बाबूनं पान पुढं सरकवलं. पत्ता होता: आर्णी रोड फाटा, एस.टी. निवारा.

तो पत्ता आता त्यालाही दिसला. त्यानं रजिस्टर मिटलं अन् म्हणाला, "साहेब आल्यावर या."

साहेब आले नाहीत. आठव्या दिवशी तुमची चार माणसं आली. त्यांनी चूल लाथेनं मोडली, झेंडा मात्र अदबीनं घडी करून हातात दिला. गावातली पंचवीस माणसं बघत होती. एकजण म्हणाला, "आता फाटा कसा मोकळा वाटते!" सांगणारा मी, मीही पान्हा हातात धरून उभाच होतो. निवाऱ्याला तारेचं कुंपण झालं. कुत्री खालून शिरतात.

आता दोघं भावसिंगच्या गाडीमागं बाभळीला ताडपत्री बांधून आहेत. परवा दवंडी झाली, यादीची फेरतपासणी आहे, उद्या कोणीतरी बघायला येणार. आज सकाळी नलूबाईनं घमेल्यात शेण कालवलं अन् हात घालणार, तोच थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी लिवता ना? मंग थ्या साहेबाले इचारा. सारवू का नोको? सारवलं त म्हनते घर हाय. नाई सारवलं त मानूस कायचे आमी?"

म्हणून तुम्हाला लिहितोय, साहेब. ती घमेल्यापाशी बसून आहे अन् शेण वाळत चाललंय. तिनं सारवायचं की नाही? सांगा.