भोंग्यातला नवरा

गुलाम रसूल सौदीत, दम्मामला वायरमनचं काम करायचा आणि तिथूनच आलापल्लीच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायचा. उमेदवारीचा पर्चा भरला होता त्याच्या बायकोनं, जाहिदानं, कारण जागा बायकांसाठी राखीव. पण बोलायचं काम नवऱ्याचं, हे त्या दोघांनीच काय, अख्ख्या वॉर्डानं गृहीत धरलेलं.

साल २००७. गावात मोबाइलची रेंज नुकतीच आलेली. रोज संध्याकाळी चौकात सभा भरायची. शेजारची अंजनाबाई माइक धरायची, जाहिदा त्याला मोबाइल लावायची, आणि भोंग्यातून रसूलचा आवाज गावभर घुमायचा. लोक खूश. काही जण तर फोनलाच सलाम करायचे. हात अवघडेपर्यंत जाहिदा तशीच उभी राहायची, कारण तिला निवडून यायचंच होतं. वॉर्डातल्या एकुलत्या एका बोअरिंगला लाल पाणी. शिलाईकाम करणाऱ्या जाहिदानं पांढरं कापड एकदा त्यात धुतलं की ते पिवळं झालंच. लेकीची, आफ्रीनची पिवळी पडलेली शाळेची ओढणी पाहिली तरी तिच्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटच्या सभेत रसूलनं नेहमीसारखा सलाम केला आणि म्हणाला, "भावांनो, बिरजूभाऊसंग माझं बोलणं झालं. जाहिदा आता बसून राह्यली. मतं त्यायच्या वहिनीले द्या."

बिरजू लाकडाचा ठेकेदार, आणि त्याची वहिनी जाहिदाच्या विरोधात उभी. बसस्टँडजवळचा गाळा त्यानं रसूलला कबूल केला असणार. परत येऊन दुकान टाकायचं रसूलच्या मनात होतं, हे गावाला ठाऊक होतं. त्यात काही वाईट नव्हतं. पण उमेदवार बाई, आणि तिलाच न विचारता तिला निवडणुकीतून बसवायचं? जाहिदाचं डोकं भणाणलं.

तिनं फोन माइकपासून हलवला नाही. वाकून म्हणाली, "आफ्रीनचे अब्बा, मले काऊन नाई विचारलं?"

भोंगा खरखरला. "ते घरी बोलू."

"तुमी घरी हाय कुठी? इथीच बोला. सारे ऐकून राह्यले."

"जाहिदा, आपल्याच भल्यासाठी सांगून राह्यलो."

"लाल पाणी मी पेतो, तुमची पोरगी पेते. भलं कोणाचं?"

"मंग मी फोन ठेवतो," रसूल चिडला. "बोल तू एकटी."

"ठेवा. तुमचं मत तसंबी दम्मामहून पडत नाई."

फोन कट झाला. आता सगळे तिच्याकडे बघत होते. जन्मात कधी ती माइकवर बोलली नव्हती. पहिली दोन वाक्यं एकमेकांत अडकली. मग राग कामी आला.

"मी बसत नाई," ती म्हणाली. "बिरजूभाऊनं माझ्या नवऱ्यासंग ठरवलं असन, तर त्यायनं माझ्या नवऱ्यालेच बसवावं. उभी मी हाय."

बायका हसल्या, मग पुरुषही. जाहिदा पाण्याबद्दल बोलू लागली. तेवढ्यात हातातला फोन वाजला. रसूलच. ती बोलतच राहिली. पुन्हा वाजला, तेव्हा अंजनाबाईनं माइक तिच्या तोंडाशी धरून दुसऱ्या हातानं फोन काढून घेतला आणि कानाला लावला.

"रसूलभाऊ, बाई भाषण करून राह्यल्या," ती म्हणाली. "ऐकायचं असन तर ऐका. मधात बोलू नका."

पलीकडून आवाज आला नाही. फोन मात्र शेवटपर्यंत चालू होता.