शेततळ्यातल्या पोरी

क्रांती कालव्यात बुडाली तेव्हा अकरा वर्षांची होती. धाकट्या सृष्टीला सोबत घेऊन गोधड्या धुवायला गेली, काठाच्या शेवाळावरून पाय सरकला आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. कवठे महांकाळच्या त्या अंगाला दोन पिढ्यांनी पाणी बघितलं ते टँकरचं. आता कालवा आला, द्राक्षबागांना शेततळी झाली. पण पोहता येणारं माणूस वस्तीत एक नव्हतं. चार वर्षांत गेलेलं ते तिसरं पोर.

त्यानंतर सृष्टी अंघोळीलाही बसेना. वर्गात कुणाची पाण्याची बाटली सांडली तरी उठून बाहेर पळायची. शाळेत खेळ शिकवणाऱ्या समीना मुलाणीनं हे पाहिलं. समीना सांगलीची, वडिलांनी, रसूलभाईंनी, तिला लहानपणीच कृष्णेत पोहायला शिकवलेलं. ती सृष्टीच्या आजीकडे, धोंडुबाईकडे गेली आणि पोरीला पोहायला शिकवते म्हणाली. धोंडुबाईनं तिला दारातूनच हाकललं. आठ दिवसांनी मात्र स्वतःच शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"शिकवा. पर तिला एकलीला न्हाई. वस्तीतल्या समद्या पोरींस्नी."

धोंडुबाईच्या पुतण्याचं, अर्जुनाचं शेततळं होतं. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटेल म्हणून तो आधी नकोच म्हणत होता. पैंजण-बांगड्या काढून उतरायचं, या अटीवर कसाबसा तयार झाला. तो कागद इतका निसरडा, की आत पडलेल्याला वर येता येत नाही. समीनानं चारी बाजूंनी दोर सोडले, पोरींच्या पाठीला तरंगायला तेलाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे बांधले. सृष्टी नऊ दिवस नुसती काठावर बसून राहिली. दहाव्या दिवशी तिनं पाय बुडवले.

पण एकोणीस पोरी आणि शिकवणारी एकटी, हे समीनाला धोक्याचं वाटत होतं. लाइफ जॅकेटं हवी होती, जोडीला आणखी एक शिकवणारी हवी होती. तेवढ्यात सांगलीतल्या एका ट्रस्टची जाहिरात तिच्या वाचनात आली. वंचित मुलांचं मन सावरायला पाण्यातले उपक्रम घेणाऱ्यांना ते अनुदान देणार होते. तिनं अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा धोंडुबाई हट्टानं बरोबर निघाली.

समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. अर्ज चाळून ते हसले. दुष्काळी तालुका, तिथं पोहायचे लाड कशाला, पिण्याच्या पाण्याची टाकी मागा, आजच्या आज मंजूर करतो, असं म्हणाले. समीना समजावू लागली, तोच धोंडुबाई बोलली.

"सायेब, आमच्या वस्तीत तहानेनं मेल्यालं पोर मी तरी बघितलं न्हाई. पाण्यात मेल्याली तीन बघितली. त्यातलं एक माझ्या घरचं."

मग समितीतल्या सोनम नावाच्या तरुण डॉक्टरनं सृष्टीची चौकशी केली. ती झोपते कशी, खाते का, सगळं विचारलं. अध्यक्षही जरा नरमले. अनुदान देऊ म्हणाले, पण पहिल्या वर्षी फक्त मुलगे. ओल्या कपड्यांतल्या मुली, गावात बोलणी, उद्या ट्रस्टचं नाव खराब. मुलींचं पुढं बघू.

"साहेब," समीनानं विचारलं, "कालव्यावर धुणं घेऊन कोण जातं?"

ते अर्जाची पानं पुन्हा उलटू लागले.

"पोरी जातात. मुलगे आले तर त्यांनाही शिकवेन. पण पोरींना काठावर बसवून नाही." तिनं फाईल उचलली आणि दोघी बाहेर पडल्या.

परतीच्या एसटीत तिचा धीर सुटला. आपल्या तोऱ्यापायी पोरींची जॅकेटं गेली, असं ती मिरज सोडेपर्यंत बोलत राहिली. धोंडुबाईनं ऐकून घेतलं, उद्या चारला तळ्यावर या म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

ट्रस्टनं मुलींना नको म्हटल्याची बातमी गावात पोचलीच. चार माणसं तळ्यावर आली, हे शोभत नाही म्हणू लागली. दोन घरांनी पोरी काढून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून धोंडुबाई काठी घेऊन बांधावर बसायला लागली. "बगायला यायचं आसंल तर आपली पोर घिऊन या. न्हाईतर वाटंला लागा," एवढंच सांगायची. अर्जुनावरही दबाव आला. तो दोन दिवस तिकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो नवा दोर घेऊन.

दीड महिन्यानं डॉक्टर सोनमचा फोन आला. तिनं समितीत विषय पुन्हा काढला होता. मुलींसाठी अनुदान मिळणार होतं, पण मागितल्याच्या निम्मं. तळ्यावर ट्रस्टची पाटी लावायची आणि अहवालासाठी पोरींचे पाण्यातले फोटो द्यायचे. पाटी लावू, फोटो नाही, असं समीनानं सांगितलं आणि हे लेखी मागितलं. पत्र आलं, त्यात फोटोंची अट नव्हती. मग तिनं सही केली.

तेवढ्या पैशांत बारा जॅकेटं आली आणि आठवड्यातून दोनदा सांगलीहून एक बाई शिकवायला यायला लागली. काढून घेतलेल्या दोघींपैकी एक परत आली, दुसरी आलीच नाही. जॅकेटांवरून रोज भांडणं व्हायची. एव्हाना सृष्टी जॅकेट घालून हातपाय मारू लागली होती. एके दिवशी तिनं आपलं जॅकेट काढून दुसरीच्या अंगावर टाकलं आणि कुणाला न विचारता तळ्यात उडी घेतली. काठी टाकून धोंडुबाई उठून उभी राहिली. समीना ओरडली नाही. दोर हातात घेऊन ती काठाकाठानं पोरीच्या बरोबर चालत राहिली. सृष्टी तोंडानं पाणी उडवत, वेडेवाकडे हात मारत पलीकडच्या काठाला लागली, दोर धरून वर आली आणि धापा टाकत म्हणाली, "आजी, बस खाली. आनी एकदा जानार हाय."