आमच्या घराचा हात

वाल्देसिएर्सो गावच्या चर्चची घंटा माझ्या हातात. पालेन्सिया प्रांताच्या या माळावर दुसरं आहे काय? गहू, वारा आणि आमच्या चर्चचा दगडी दरवाजा. त्याच्या कमानीवर आठशे वर्षांपासून दगडात कोरलेली माणसं बसलीत. वाद्यं वाजवणारे, पीठ मळणारी बाई, दाढ दुखते म्हणून गाल धरलेला एक जण. लहानपणी दात दुखला की आई आम्हाला त्याच्यासमोर नेऊन उभं करायची.

हा दरवाजा शहरातल्या एका हॉटेलवाल्याला हवा होता, जेवणघराच्या तोंडाशी लावायला. बदल्यात तो चर्चचं गळकं छप्पर करून देणार होता. वरून, बिशपकडून, होकार आला होता, गावसभेचा तेवढा बाकी होता. आमची गावसभा चर्चच्या ओसरीत भरते आणि दर घराचा एकच हात वर होतो. आमच्या घराचा हात माझ्या धाकट्या भावाचा, एलादिओचा. आई गेल्यावर त्याला मी वाढवलं, लग्नसुद्धा केलं नाही. पण हात त्याचा.

रविवारी लसणाचं सूप वाढताना मी विचारलं, "हात खाली ठेवशील ना रे?"

"ताई, दरवाजा विकणारा वाटलो का मी तुला? जा, खुशाल वाजव सभेची घंटा."

मी वाजवली. जिना उतरून आले तर मोजणी चाललेली. जितके हात वर, तितकेच खाली. राहिलं होतं आमचं घर. एलादिओने टोपी सारखी केली आणि हात वर केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अरे मेल्या!" शेजारची म्हातारी बेनिग्ना ओरडली. "बहिणीला विचारलंस का?"

"घराचा हात आहे. तिचाही त्यातच आला."

माझ्या अंगाची आग आग झाली. विकायचं ते विकलं, वर माझ्याही नावाने! आणि सभेला गाव गोळा केलं कोणी? मीच. संध्याकाळी बेनिग्नाने कानावर घातलं, हॉटेलात त्याची मुकादमाची नोकरी आधीच पक्की झाली होती, राहायला खोलीसकट. माझ्या हातचं सूप पिताना त्याला हे माहीत होतं.

ट्रक आला. गवंड्यांनी एकेक दगड गवतात गुंडाळून चढवला, दाढवाला सगळ्यात शेवटी. एलादिओ खाली उभा राहून "हळू रे, हळू, जपून" म्हणत होता. मोठा आला जपणारा!

मी वर गेले आणि मयताची घंटा सुरू केली. आमच्याकडे बाई गेली तर दोन-दोन ठोके देतात, पुरुष गेला तर तीन-तीन. मी तीन-तीन देत राहिले. शेतांतून माणसं टोप्या हातात घेऊन धावत आली. एलादिओही धापा टाकत जिना चढून वर आला. चेहरा पांढराफटक.

"ताई, कोण गेलं गं?"

"माझा भाऊ," मी म्हटलं, आणि पुढचे तीन ठोके दिले.