कृपया मागच्या लिफ्टने

इंदूरच्या विजय नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काहीही लिहायचं असलं की कागद माझ्याकडे येतो. पाण्याची टाकी कधी धुणार, गणपतीची आरती किती वाजता, सगळं इरावतीताईंच्या सुंदर अक्षरात. एकतीस वर्षं शाळेत फळा लिहिला, त्याचं हे बक्षीस! अध्यक्ष वासुदेवराव मजकूर सांगतात, मी उतरवते. त्या दिवशीही उतरवला: चौथ्या मजल्यावरच्या विदेशी विद्यार्थ्यांनी मागच्या लिफ्टने जावं. अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे होतं. तरी 'कृपया' मात्र मी आठवणीने घातलं.

विदेशी म्हणजे टांझानियाचा बराका आणि त्याचे दोन मित्र. गेल्या वर्षी एक गोरी जर्मन बाई इथे सहा महिने राहिली. तिला कुणी मागची लिफ्ट दाखवली नाही, उलट घरोघरून पोहे गेले. मागच्या लिफ्टमधून कचऱ्याचे डबे उतरतात.

फार्मसी शिकणाऱ्या बराकाने ना आवाज चढवला, ना नोटीस फाडली. दुसऱ्या दिवशी खालच्या नोटीस बोर्डावर तिच्याखाली वहीचा एक कागद लावला. अक्षर वाकडंतिकडं, हिंदी साधी.

"आज मैं पीछे की लिफ्ट से गया। साथ में गीला कचरा था, सूखा भी। इंदौर में सब अलग-अलग रखते हैं। मुझे किस डिब्बे में रखा है? बराका, 403"

वाचून माझं डोकंच फिरलं. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवणारे आम्ही, आणि ही आमची स्वच्छता! लाज तर त्याहून जास्त वाटली, कारण वरचं ते सुंदर अक्षर माझं होतं.

रोज एक कागद वाढत गेला. कुठे शिवी नाही, धमकी नाही. चौथ्या कागदावर त्याने लिहिलं, "माँ ने वीडियो कॉल पर पूछा, बेटा, तुम्हारी लिफ्ट में ये डिब्बे क्यों हैं?" लोक थांबून वाचायचे आणि खाली मान घालून पुढच्या लिफ्टमध्ये शिरायचे.

पाचव्या दिवशी वासुदेवराव माझ्या दारात. "ताई, हा लडका फालतू तमाशा करतोय. एक नोटीस लिहून द्या ना, कागद हटाओ, नहीं तो महिन्याभरात फ्लॅट खाली करो."

"तुम्ही लिहा."

"अरे, माझं हँडरायटिंग कुठे..."

"तोंडाने सांगता ना भिया," मी इंदुरी थाटात म्हटलं, "मग हातानेही लिहा! चला खाली, बोर्डापाशी. आणि मागच्या लिफ्टने चला."

लिफ्टमध्ये तीन डबे होते. वासुदेवरावांनी नाकाला रुमाल लावला. मी लावू दिला.

बोर्डापाशी त्यांनी पेन काढलं, कोऱ्या कागदावर 'सूचना' लिहिलं आणि थांबले. समोर बराकाचे चार कागद होते. आजवर त्यांनी ते लांबूनच पाहिले होते. आता एकेक वाचला. शेवटचा दोनदा वाचला.

"इसने माँ को क्या बोला होगा?" त्यांनी हळूच विचारलं.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, जुन्या नोटिसीच्या पिना स्वतः काढल्या आणि ती माझ्या हातात दिली. "फाडून टाका, ताई."

मी फाडली नाही. बराकाच्या शेवटच्या कागदाखाली लिहिलं, "वह सूचना मेरे हाथ की थी। मुझे माफ़ करना। इरावती, 204". नोटीस माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आता कुणी मजकूर घेऊन आलं की आधी ती वाचते, त्या 'कृपया'सकट.